सरू मावशीच्या विहिरीतली पेटी

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सकाळीच नांदेडहून निघालो, चाकूरला चहा, मग थेट रेणापूरच्या अलीकडे सरू मावशीच्या शेतात. कडब्याच्या कोपीपुढं पूजा, ‘ओलगे ओलगे’ करत रानभर आंबील शिंपडली. जेवायला मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. प्र.ने चार वेळा भज्जी घेतली आणि चिंचेखाली आडवा झाला. नवरा म्हणून हा माणूस सांभाळायला सोपा आहे.

मी विहिरीकडे गेले. काकांनी, मावशीच्या नवऱ्याने, हयात असताना फोडलेली, काळ्या दगडातली. लातूरकडच्या विहिरी खोल असतात, पण हिचा तळ पार वाकून बघावा लागतो. कित्येक वर्षं कोरडी. तळाशी पालापाचोळा, एक फुटकी घागर.

काठावर उभी असतानाच सुचलं. गेल्या महिन्यातल्या बैठकीपासून डोक्यात एकच विषय. डोंगराच्या पोटात बोगदा खणून तिथं मोठा प्रयोग बसणार आहे. कण पकडणारी यंत्रं आत, गरम आणि ओल्या खडकात. ती वाचणारी माणसं बाहेर, लांब. मधल्या अंतरातून कण आल्याची खूण शाबूत आणायची कशी, याच्यावर त्यांना छोट्या गटांकडून चालती जोडणी हवी आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा, न थांबता चाललेली. आमच्या विद्यापीठात बोगदा कुठला? पण विहीर आहे.

मावशीला विचारलं. ती भांडी आवरत होती.

“इहिरीत पेटी ठिवायची? ठेव की. पर पावसाळ्याच्या आदी काढ बरं का कल्पे. औंदा मी तिच्यात नाल्याचं पाणी सोडणार हाय. खड्डा खणायचा, वाळू-गोटे भरायचे, गाळून पाणी आत. समदं इचारून ठिवलंय.”

मी हो म्हटलं. पावसाळ्याचं नंतर बघू.

३ जानेवारी

शफीसरांना सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, माझ्या खोलीपासून तिसरं दार. पंधरा वर्षं शेजारी आहोत आणि अजून ‘मॅडम’, ‘सर’. ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“विहिरीपासून घर किती लांब?”

“सहाशे मीटर असेल. वीज आणि मोबाईलची रेंज घराशीच आहे.”

“मध्ये मोटारी?”

“शेजारी दिगंबरची बोअर आहे.”

“हौ मॅडम, मग मजा येईल.” त्यांची मजा म्हणजे आपली डोकेदुखी, हे मला अनुभवाने माहीत आहे.

१९ जानेवारी

पेटी तयार. आत दोन पाट्या, चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या, एकावर एक. आभाळातून येणारा कण आरपार गेला की पाटीत बारीकसा उजेड चमकतो, त्याची विजेची खूण होते. दोन्ही पाट्या एकदम चमकल्या तरच कण मानायचा. एवढंच. हे सोपं आहे. ती खूण सहाशे मीटर आणणं हे अवघड.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून निघालो. विहीर खोदणाऱ्यांची यारी, दगड-माती वर ओढायची, भाड्याने आणली होती. पेटी खाली गेली. मग मी. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, वर मावशी ओरडत होती, “हळू सोडा रे, मास्तरीण हाय ती!”

खाली गेल्यावर भीती गेली. गारवा. वर निळं नाणं दिसत होतं, तेवढंच आभाळ. एवढ्या लहान भोकातूनसुद्धा ते कण येत असतात, माझ्यातून जात असतात, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. पण तिथं बसून पहिल्यांदा ते खरं वाटलं. थोडा वेळ बसूनच राहिले. शफीसर वरून, “मॅडम, ठीक?” मी म्हटलं ठीक. खूपच ठीक होतं.

२७ जानेवारी

तांब्याची केबल घरापर्यंत ओढली. मावशीच्या घराशेजारची कडबाकुट्टीची खोली आम्हाला मिळाली. खूण आली, पण पापडासारखी चपटी होऊन. कशीबशी ओळखता येते.

मग दिगंबरने मोटार सुरू केली आणि पडद्यावर कणांचा पाऊस. हजारो. सगळे खोटे. मोटार बंद, पाऊस बंद.

मावशी दारात उभी. “एवढे कन आले व्हय?”

“नाही मावशी, ती दिगंबरची मोटार.”

“मंग तिला पन मोजा की.”

८ फेब्रुवारी

भांडण नाही म्हणता येणार. मतभेद.

माझं म्हणणं: खूण खालीच मोजायची. माझं सर्किटचं कार्ड आहेच, तीन वर्षं घडवलेलं. ते पेटीत बसवू, कार्ड खाली आकडे करील आणि वर फक्त आकडे येतील. आकड्याला मोटारीचा गोंधळ लागत नाही.

शफीसरांचं म्हणणं: खाली काहीच मोजू नका. खूण आली की तिच्या मापाचा उजेड करा, काचेच्या तारेतून तो उजेड वर पाठवा. मोजायचं ते खोलीत. तुमचं कार्ड खाली गेलं की त्याची काळजी घ्यायला खाली कोण आहे?

मी म्हटलं, आधी माझं करून बघू. ते हो म्हणाले. लगेच हो म्हणाले, हे मला जरा लागलं.

२ मार्च

कार्ड चालतंय! दोन आठवडे झाले, सुरेख. दिगंबर मोटार लावतो, आमचा आलेख हलत नाही. नांदेडला बसून आकडे बघते. स्वयंपाक करताना मोबाईल ओट्यावर. प्र. म्हणाला, “पोहे जळालेत, कण कसे आहेत?” कण बरे आहेत.

१७ मार्च

बंद. काल दुपारपासून काही नाही.

२० मार्च

गेलो. पेटी वर काढली. कार्डावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी, पायांना गंज. तळाशी ओल आहे आणि कार्ड स्वतःच तापतं. बंद पेटीत ती वाफ फिरून त्याच्यावरच बसते. पाट्यांजवळचे उजेड बघणारे डोळे, म्हणजे सेन्सर, तेही त्या उबेने बडबडायला लागले होते, नसलेले कण सांगत होते.

दुसरं कार्ड बसवलं. ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या. शफीसरांनी पुड्या नीट लावून दिल्या.

मावशीचा खड्डा नाल्याच्या कडेला खणून तयार आहे. वाळूची ट्रॉली येऊन पडलीय.

६ एप्रिल

दुसरंही गेलं.

९ एप्रिल

विभागात कुणी नव्हतं. शफीसर दारात येऊन उभे राहिले. रोजे संपून ईद झालेली, डब्यात शीरखुर्मा आणला होता. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले,

“एक बोलू? तुम्ही शहाणं माणूस खाली पाठवायलात. अशा जागी अडाणीच पाठवायचं. त्याला गंज चढला तरी कळत नाही, ताप आला तरी कळत नाही. शहाणं माणूस खोलीत, पंख्याखाली.”

मला हसू आलं आणि रागही. तीन वर्षं त्या कार्डात गेलीत. म्हटलं, “ते कार्ड म्हणजे मी, असंच म्हणा ना.”

“नाही मॅडम. ते कार्ड चांगलंय. जागा चुकलीय. खोलीत तेच लागणार आहे आपल्याला.”

हे मी तोपर्यंत लक्षातच घेतलं नव्हतं. उजेड वर आला तरी त्याचे आकडे कुणीतरी करायचेच आहेत. म्हणजे कार्ड जाणार नाही, फक्त सहाशे मीटर सरकेल.

शीरखुर्मा उत्तम होता. घरी नेण्याइतका उरला नाही.

२१ एप्रिल

ऊन असं की दुपारी डांबरावर चप्पल चिकटते. रेणापुरातला मुजीब, घरोघर इंटरनेट देतो, त्याने काचेची तार दिली आणि जोडून पण दिली. त्याचं ते यंत्र: दोन टोकं समोरासमोर धरतं, एक ठिणगी, झालं. पाइपात घालून बांधाकडेने पुरली, नांगर लागू नये म्हणून.

खाली आता पाट्या, त्यांचे डोळे, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या मापाचा उजेड पाडणारी एक छोटी लेसर. बाकी काही नाही. वीज न्यायला बारीक वायर तेवढी आहे, तिचा इलाज नाही.

२२ एप्रिल

आली. खूण आली. उंच, टोकदार, जशी खाली जन्मते तशीच. शफीसर कडबाकुट्टीच्या खोलीत उभेच होते, बसले नाहीत.

मी पळत बांधावर गेले, दिगंबरला ओरडून सांगितलं, मोटार लाव. त्याने लावली. पळत परत. पडदा शांत. एक खूण, मग जरा थांबून एक, मग दोन. मोटार आहे की नाही याचा पत्ताच नाही तिला.

“बंद कर, पुन्हा लाव!” असं तीन वेळा केलं. दिगंबर म्हणाला, “वैनी, माझा श्टार्टर जळंल.”

मावशीने धपाटे आणि शेंगाची चटणी आणली. तिघं खोलीत जमिनीवर बसून जेवलो. उकाडा होता, पंखा गरम हवा फेकत होता, आणि मला वाटलं, आता आणखी काही नको.

१० मे

अखंड चालू. कुठं खंड नाही. दिवसा वरचं तापमान चढतं, आलेख सरळ. बोगद्याच्या गटाला पहिला अहवाल पाठवला. उत्तर आलं, एका ओळीचं: पावसाळ्यासह अखंड नोंद हवी.

म्हणजे पेटी जूनमध्ये काढता येणार नाही. आणि मावशीला शब्द दिलाय.

प्र. म्हणाला, “मावशीशी बोल.” बोलायचंच आहे. कसं, तेच.

२१ मे

अवकाळी. मे महिना असून रोज आभाळ. लातूरला भाऊ फोनवर सांगत होता, रस्त्यावरून पाणी चाललंय. आमच्या पेटीचा आलेख चालूच.

२३ मे

गेलो धावत. मावशीने फोनवर काही सांगितलं नव्हतं, दिगंबरने सांगितलं. नाला भरून आलाय आणि मावशीने विहिरीकडे जाणाऱ्या पाण्याला मातीच्या गोण्या लावल्यात. स्वतः. गुडघे दुखतात तिचे, आणि दिगंबरच्या बायकोला घेऊन चिखलात उभं राहून गोण्या रचल्या. तिच्या खड्ड्यात, तिच्या वाळूत शिरायचं पाणी तिने नाल्यातून तसंच पुढे जाऊ दिलं.

“का केलंस असं?”

“पेटी भिजली असती की.”

“अगं पण पाणी!”

“पानी येईल की परत. तुझं काम मधीच तुटलं तर परत हुतंय का?”

तिच्या साडीला निऱ्यांपर्यंत चिखल. मी विहिरीच्या काठावर बसले. शफीसर नाल्याकडे बघत उभे होते. लालसर पाणी, वेगाने, फुकट.

मी म्हटलं, “मावशी, गोण्या काढ. पेटी आत्ता वर घेऊ.”

“आन् मग तुझा उनाळा-पावसाळा?”

तेव्हा शफीसर म्हणाले, “किंवा मग पेटी पाण्यातच ठेवू.”

२४ मे

रात्री झोप लागली ती बरी. सकाळी मावशी लिंगपूजा करून उठली तशी चहा घेऊन आमच्याजवळ आली. तिला सगळं समजून घ्यायचं होतं.

“पान्यात बुडून कन दिसतील?”

मी सांगितलं, दिसतील, पण कमी. पाणी त्यांना अडवतं. जितकं पाणी वर, तितके कमी.

“आन् पेटीत पानी गेलं तर?”

“तर संपलं. पाट्या, डोळे, सगळं.”

“मंग चांगली बंद करा. मी गोन्या चार दिवस आजून ठिवते.”

“चार दिवस कशाला, आजच…”

“मी सांगते तेवढं ऐक. चार दिवस.”

२६ मे

लातूर, गंजगोलाई. जाड प्लास्टिकचा पिंप शोधत तीन दुकानं. झाकण घट्ट बसणारा हवा. दुकानदार, ओळखीचे शेटे अप्पा, माझ्या वडिलांच्या वयाचे, विचारतात, “लोणचं किती घालायचंय?”

शफीसर गंभीरपणे म्हणाले, “थोडंच. पण मुरवायचं लई दिवस.”

अप्पांनी झाकणाचं रबर बदलून दिलं.

२७ मे

दिवसभर भावाच्या गच्चीवर. तार आणि वायर जिथून आत जातात तिथं राळ ओतली, सुकली, परत ओतली. पिंप पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवला, वर दगड. आत कोरा टिपकागद. बाहेर काढून उघडला: कागद कोरडा.

पुन्हा बुडवला. पुन्हा कोरडा. शफीसर तिसऱ्यांदा बुडवायला निघाले तेव्हा वहिनीने जेवायला बसवलं.

२९ मे

पेटी पिंपात, पिंप विहिरीत. पाण्यात तरंगू नये म्हणून खाली जाळीत दगड बांधले. या वेळी शफीसर उतरले. त्यांना उंचीची भीती आहे हे मला आजच कळलं, पंधरा वर्षांत. वर आले तेव्हा चेहरा पांढरा आणि हसत होते.

पेटी पिंपात नेण्यासाठी नोंद थोडा वेळ थांबवावी लागली. अहवालात तसं लिहिलं. लपवलेलं नाही.

मग मावशीने पहिली गोणी ओढली. बाकीच्या आम्ही.

पाणी खड्ड्यात शिरलं, वाळूत मुरलं, आणि जरा वेळाने विहिरीच्या अंगातल्या पाइपातून बारीक धार सुटली. खाली पोचायला किती वेळ लागतो त्या धारेला. आवाज उशिरा येतो. मावशी कान देऊन ऐकत होती. काकांचं नाव घेतलं नाही तिने. डोळे पुसले, पदराने, आणि म्हणाली, “चला, चहा ठिवते.”

१४ जून

कण कमी व्हायला लागलेत. अगदी हळू. पाणी पेटीच्या वर गेलं असणार. मावशीचा रोज सकाळी फोन.

“किती झाले?”

“कालपेक्षा कमी.”

“मंग बरं हाय!”

वर्गात हा किस्सा सांगितला. पोरं हसली. मग एकीने विचारलं, पाणी किती चढलं ते आलेखावरून उलटं काढता येईल का? येईल. घरी बसून काढलं. मावशीला सांगितलं, ती म्हणाली, “म्या दोरी सोडून बगितलं की. तेवढंच हाय.”

५ जुलै

पावसाने दडी मारलीय. आलेख सपाट. पेटी बरी आहे. मी पण.

१६ जुलै

बोगद्याच्या गटाची ऑनलाइन बैठक. एक गृहस्थ म्हणाले, शेतातली विहीर ही नियंत्रित जागा नाही. मी म्हटलं, बोगदाही नाही. शफीसरांनी टेबलाखाली अंगठा दाखवला.

शेवटी ठरलं, ते कुणाला तरी बघायला पाठवणार.

१२ ऑगस्ट

बेंगळुरूहून मीनाक्षी आल्या. पस्तिशीच्या, कामाच्या, हातात चिमटे-मापकाची पेटी. आल्या आल्या कडबाकुट्टीच्या खोलीत शिरल्या, जुळणी तपासली, तार कुठून येते ते बांधाबांधाने चालत विहिरीपर्यंत बघितलं. आमचं बोलणं इंग्रजीत-हिंदीत. मावशीने त्यांच्याशी थेट कानडीत सुरू केलं. मावशीचं माहेर निलंग्याकडे, सीमेला लागून. तिची कानडी मी लहानपणानंतर ऐकलीच नव्हती. दोघी अशा बोलत सुटल्या की आम्हीच पाहुणे.

मीनाक्षींनी स्वतः दिगंबरला मोटार लावायला सांगितलं. पडदा शांत. त्यांनी वेल्डिंगचं यंत्र मागवलं. मुजीबच्या भावाकडून आणलं, विहिरीजवळ ठिणग्या उडवल्या. पडदा शांत. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

“अच्छा है,” म्हणाल्या. एवढंच. मग, “बारिश के बाद बताएँगे.”

जाताना मावशीने त्यांची ओटी भरली.

१३ ऑगस्ट

मी शफीसरांना विचारलं, मावशी आणि मीनाक्षी कानडीत काय बोलत असतील? त्यांना थोडी येते. म्हणाले, पेटीचं एक अक्षर नाही. कुणाच्या तरी सासूबद्दल होतं.

१५ सप्टेंबर

पाऊस थांबतच नाही. नांदेडला गोदावरी वाढलीय, खालच्या वस्त्यांत पाणी. विद्यापीठाला सुट्टी. शफीसरांकडे त्यांच्या बहिणीचं बिऱ्हाड वर हलवलंय, प्र. भांडी-गाद्या उचलायला मदतीला गेला होता, भिजून आला.

पेटी चालू. कण इतके कमी की कधी कधी पडदा बघत बराच वेळ बसावं लागतं. मग एक येतो.

२३ सप्टेंबर

मावशीचं सोयाबीन पाण्यात. अर्धं गेलंच म्हणते. फोनवर आवाज खोल.

“इहीर काठाला आलीय,” म्हणाली. “सोयाबीन गेलं आन् इहीर भरली. रडावं का हसावं, कळना झालंय.”

दिगंबरच्या शेतातल्या खांबावर वीज पडली. त्याचा स्टार्टर, मावशीचा इन्व्हर्टर, मुजीबचे गावभरचे इंटरनेटचे डबे, सगळं जळालं. आमचा आलेख बंद.

२४ सप्टेंबर

रस्ते बंद. नांदेडलाच अडकलो. पडदा कोरा. तार काचेची आहे, विजेला त्यातून जाता येत नाही. पण ती बारीक वायर… ती वायर तांब्याचीच आहे.

शफीसर दोनदा आले, उगाच. तिसऱ्यांदा आले तेव्हा चहा घेऊन.

२८ सप्टेंबर

पोचलो. शेतात घोट्यापर्यंत चिखल. मावशी वाळलेली वाटली, पण स्वयंपाक तयार.

खोलीतला वीजपुरवठा जळालेला. माझं कार्डही गेलं, वरचं. शफीसरांनी नवा पुरवठा लावला, मी माझं आणखी एक कार्ड. स्क्रू दोनदा पडला. मावशी कंदील धरून दारात, दिवसाढवळ्या, कारण खोलीत वीज नव्हती. बॅटरीवर चालवत होतो.

सुरू केलं. काही नाही.

काही नाही.

शफीसर म्हणाले, पाणी खूप आहे वर, थांबा.

थांबलो. मावशीने कंदील दुसऱ्या हातात घेतला.

मग एक. उंच, टोकदार.

मी रडले. लाज वाटली नाही. शफीसर खिडकीबाहेर बघत राहिले, चष्मा पुसत. मावशी म्हणाली, “आला व्हय? एकच?” आणि जरा थांबून, “जित्ता हाय म्हनायचा.”

खाली पाट्या, डोळे आणि ती लेसर, तिघंही धड. शफीसरांनी वायरच्या तोंडाशी फ्यूजसारखं जे बसवून ठेवलं होतं त्याने वीज पडताच स्वतः जळून पुढचं वाचवलं. खोलीतलं सगळं गेलं, खालचं नाही. शहाणं जळालं, अडाणी राहिलं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, शहाण्याला बदलता येतं. खोलीत आहे ना.”

पण खंड पडला. पाच दिवसांचा. कळवलं तसंच.

९ ऑक्टोबर

उत्तर. मीनाक्षींच्या सहीने, या वेळी लांबलचक. खंड त्यांनी मनावर घेतलेला नाही. वीज पडूनही खालचा भाग जगला, हेच त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतंय. ही रचना बोगद्यासाठी घ्यायची त्यांची तयारी आहे. एकच अट: पिंप वर काढा, उघडा, आतली अवस्था दाखवा. राळेला पाझर आहे का, डोळ्यांवर ओल आहे का. फोटो, मापं. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

रास्त आहे. मीही हेच मागितलं असतं.

शफीसरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “विहीर उपसावी लागेल.”

नुसतं दोरीने ओढून चालणार नाही, दगडांची जाळी तळातल्या गाळात रुतलीय. ओढताना वायर तुटली तर जे बघायचं तेच बिघडणार.

११ ऑक्टोबर

मावशीकडे. विहीर बघितली. काठापासून हात घातला तर पाणी. हिरवट, स्थिर, त्यात चिंचेची पानं. दिगंबरची बायको घागर भरून नेत होती. मावशीने हरभऱ्याचं बी आणून ठेवलंय. औंदा रब्बी पाण्यावर, म्हणाली, कितीतरी वर्षांनी.

मी सगळं सांगितलं. गोण्या रचल्या तेव्हासारखंच ती पुन्हा काहीतरी करून बसेल, ही भीती होती. म्हणून आधीच म्हटलं, “मी उपसायला सांगत नाहीये. फक्त तुला माहीत असावं.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसली. “उपसू? ही? कल्पे, तुझ्यासाटी एकदा पानी सोडून दिलंय म्या. आता न्हाई. आता तुझ्या पेटीनं थांबायचं.”

“किती दिवस?”

“पानी आटंस्तोवर.”

“आणि आटलंच नाही तर?”

“मंग लईच झ्याक!”

शफीसरांना इतकं हसू आलं की ते काठावरून उठून लांब गेले. मी पण हसले. हे हसण्यासारखं आहे का, मला अजून माहीत नाही. बोगद्याचं काम कुणासाठी थांबणार नाही. दुसरा कुठला गट असेल, त्यांची पेटी कोरड्या जागी असेल, उघडून दाखवता येत असेल.

दुपारी खोलीत बसून मीनाक्षींना उत्तर लिहायला घेतलं. शफीसर म्हणाले, खोटं काही नको, जास्तही नको. लिहिलं: जोडणी चालू आहे. खूण स्वच्छ आहे. पिंप उघडून पाहणं सध्या शक्य नाही, कारण

कारणच्या पुढे अडलंय. तांत्रिक भाषेत ते कसं बसवायचं कळत नाही. मावशी शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं, काय लिहू.

“लिही की,” म्हणाली, “पानी हाय.”